कुराबिनचा लाल गुरुवार

तेरा फेब्रुवारी, गुरुवार, सकाळी नऊ वाजून चार मिनिटे. डेस हॅनिगनने माझे लाल बटण दाबले. दुकान बंद होईपर्यंत माझ्या मोजणीत ते आणखी एकशे तीस वेळा दाबले गेले.

मित्रांनो, मी चार चेहऱ्यांची एक जुनी पेटी आहे. कमरेएवढ्या लोखंडी खांबावर मला बसवले आहे. उजवीकडून डावीकडे माझे चेहरे असे आहेत: गडद हिरवा, तो मोकळेपणाने हसतो; फिका हिरवा, तो थोडासा हसतो; नारिंगी, त्याचे ओठ सरळ आहेत; आणि लाल, त्याच्या कपाळावर आठ्या आहेत. माणसे जाता जाता यातला एक दाबतात. कोणता चेहरा दाबला आणि तेव्हा किती वाजले होते, एवढेच मी दर संध्याकाळी मेलबर्नला पाठवते. बोलणे मला ऐकू येते, पण ते पाठवायची सोय माझ्यात ठेवलेली नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. माझ्याबरोबर त्याच दिवशी चारशे पेट्या तयार झाल्या. एका तपासणीसाने माझे प्रत्येक बटण पन्नास वेळा दाबून पाहिले आणि तळाला गोल चिठ्ठी लावली. माझी पहिली नेमणूक विमानतळावरच्या स्वच्छतागृहाबाहेर होती. तिथे दोन वर्षे काढली. ओल्या हातांनी दाबल्यामुळे माझी नारिंगी कड तेव्हापासून थोडी उचललेली आहे. मग तिथे नवी काचेची पेटी आली आणि मला पुसून, नवा कागद चिकटवून, एका मोबाइल कंपनीला देण्यात आले. कंपनीने मला कुराबिनला पाठवले.

कुराबिन हे गव्हाच्या कोठारांचे गाव. वस्ती सहाशे चाळीस. कंपनीचे दुकान जुन्या बेकरीच्या जागेत आहे आणि ते ग्लेनिस टूही नावाची बाई चालवते. गेली अकरा वर्षे ती एकटीच चालवते. पुढचे दुकान चौऱ्याण्णव किलोमीटरवर आहे.

दुकान फोनचे असले तरी लोक फक्त फोनसाठी येत नसत. कोणाला रुग्णालयाचा संदेश वाचून हवा असे. कोणाला नातवाचा फोटो मोठा करून हवा असे. एकदा एक गृहस्थ मेंढ्यांच्या लिलावाचा निकाल बघायला आला आणि जाताना आपला चष्माच काउंटरवर विसरून गेला. ग्लेनिसने तो टपाल देणाऱ्या बाईच्या हाती घरपोच केला. उन्हाळ्यात बेचाळीस अंश झाले की म्हातारी माणसे वातानुकूलित हवेसाठी येऊन बसत. ग्लेनिस त्यांना खुर्ची देई आणि त्यांचे काय काम आहे असे विचारत नसे.

या गावाची एक सवय आहे. शेतावरचे फाटक उघडून आत गेलेला माणूस बाहेर येताना ते लावून घेतो. कोणाला सांगावे लागत नाही. हात आपोआप मागे जातो. तसाच तो माझ्याकडेही येई. दार ढकलण्याआधी प्रत्येक जण माझा गडद हिरवा चेहरा दाबून जाई. आपल्या गावच्या माणसाबद्दल वाईट बोलायचे नाही, हा इथला नियम. त्यामुळे शंभरात शहाण्णव हिरवे, असा माझा आकडा तीन वर्षे राहिला. राज्यात पहिला. कंपनीने एक काचेची ढाल पाठवली. ग्लेनिसने ती चार्जरच्या खोक्यामागे ठेवली, पण धूळ मात्र दर सोमवारी पुसली. मलाही ती त्याच फडक्याने पुसत असे. मित्रांनो, माझे कौतुक झाले ते एवढेच, आणि मला ते पुरेसे होते.

दोन गोष्टी इथेच सांगून ठेवते, कारण पुढचे सगळे त्यांच्यामुळे झाले.

पहिली गोष्ट. माझ्या डोक्यावरच्या कागदावर एक प्रश्न छापलेला होता: ‘आज दुकानातल्या कर्मचाऱ्याने तुम्हाला कशी मदत केली?’ दुकानाची खिडकी पश्चिमेला आहे. दोन उन्हाळ्यांत ऊन लागून तो प्रश्न पार पुसला गेला. ग्लेनिसने नवा कागद दोनदा मागवला. तो आला नाही. राहिले ते फक्त चेहरे.

दुसरी गोष्ट. सलग दोन आठवडे आकडा सत्तरच्या खाली गेला, तर कंपनी त्या दुकानाचा फेरविचार करते. म्हणजे ते ठेवायचे की बंद करायचे, हे ठरवते. आणि माझ्याविषयी ग्राहकाशी एक शब्दही बोलायला कर्मचाऱ्याला मनाई आहे. गेल्या वर्षी उत्तरेकडच्या एका दुकानाने आपल्या पेटीवर ‘कृपया हिरवे दाबा’ अशी चिठ्ठी लावली होती. छतावरच्या कॅमेऱ्यात ती दिसली. ते दुकान आता पाळीव पक्ष्यांचे खाद्य विकते.

जानेवारीच्या शेवटी गावातल्या प्रत्येक ग्राहकाला कंपनीचे पत्र आले. जुन्या करार योजना बंद. त्यांच्या जागी तीन नव्या. पासष्ट डॉलरची योजना ब्याऐंशीवर गेली होती. पत्रात लिहिले होते की ग्राहकांना आता अधिक निवड मिळेल.

पहिल्या आठवड्यात लोक पत्र हातात घेऊन येत, काउंटरवर ते सपाट करत आणि ग्लेनिसकडे बघत. ती तिन्ही योजना समजावून सांगे. कोणी म्हणे, रेंज तरी वाढणार का. कोणी म्हणे, माझ्या घरात फोन फक्त पाण्याच्या टाकीवर चढल्यावर लागतो, तर टाकीवर चढायचेही पैसे वेगळे घेणार का. कडबा विकणाऱ्या माणसाने पत्राची होडी करून काउंटरवर ठेवली आणि तो निघून गेला. दुसरी कंपनी स्वस्त होती, पण तिचा मनोरा कुराबिनपर्यंत पोचत नव्हता. म्हणून सोडून जाण्याची धमकी कोणी दिली नाही. द्यायची कोणाला, हेही कोणाला माहीत नव्हते. आणि एवढे सगळे झाल्यावरही प्रत्येक जण जाताना हिरवेच दाबत होता. फाटक लावल्यासारखे.

डेस हॅनिगनच्या लक्षात आले ते हेच. डेस हा गावच्या अग्निशामक स्वयंसेवकांचा कप्तान आणि लॉन बोल्स या हिरवळीवरच्या गोळ्यांच्या खेळाच्या क्लबचा अध्यक्ष. ग्लेनिसच्या दिवंगत नवऱ्याबरोबर तो पंधरा वर्षे एकाच संघातून फुटबॉल खेळला होता. बारा तारखेला, बुधवारी, क्लबात सभा झाली. मी तिथे नव्हते. पण दुसऱ्या दिवशी दुकानात उभे राहून लोकांनी ती सभा इतक्या वेळा सांगितली की मला ती पाठ आहे. डेस म्हणाला की आपण मेलबर्नला हिरवे हिरवे पाठवतोय, मग त्यांना वाटणारच की आपण खूश आहोत. कोणीतरी विचारले, मग काय ग्लेनिसवर ओरडायचे का.

“ग्लेनला कोणी एक शब्द बोलायचा नाही,” डेस म्हणाला होता. “तिचा काय दोष? तिच्याशी हसून बोला. चार अंडी न्या. आणि निघताना लाल दाबा. राग असेल तो त्या लाल तोंडाला सांगा.”

ठराव एकमताने झाला. कुराबिनमध्ये ठराव क्वचितच एकमताने होतात.

गुरुवारी सकाळी दुकान उघडण्यापूर्वीच रांग लागली होती. उत्तरेचा गरम वारा होता आणि वणव्याच्या भीतीने उघड्यावर आग लावण्यास बंदीचा दिवस होता. डेस सगळ्यात पुढे. त्याने अंड्यांचा पुठ्ठा काउंटरवर ठेवला.

“तुझ्यावर राग नाही हां, ग्लेन.”

“कशाबद्दल राग?”

“कळेल,” असे म्हणून त्याने डोळा मिचकावला, तो माझ्याकडे आला आणि त्याने लाल चेहरा अंगठ्याने खोलवर दाबला.

ग्लेनिसने ते पाहिले. तिने अंड्यांवरचा हात काढला नाही.

मग एकेक जण आला. कोणी टोमॅटो आणले, कोणी जर्दाळूच्या मुरंब्याची बरणी. एका बाईने खोबऱ्याचा कीस लावलेले केक आणले आणि ती ते रुमालासकट ठेवून गेली. प्रत्येकाने ग्लेनिसची चौकशी केली, उन्हाबद्दल दोन शब्द काढले आणि जाताना लाल दाबले. कडबेवाल्याने सलग नऊ वेळा दाबले. चार सेकंदांच्या आतले दुसरे दाबणे मी मोजत नाही, त्यामुळे त्याचे एकच धरले गेले. दारात तो कोणाला तरी म्हणाला, “बरं वाटलं लेका. डॉक्टरकडे जाऊन आल्यासारखं.”

दर वेळी लाल दिवा लुकलुके आणि ग्लेनिस पुढच्या माणसाला “या” म्हणे. तिचा आवाज सकाळी जसा होता तसाच दुपारीही होता. मीही मोजत होते. मला वाईट वाटत नव्हते. वाटायचे ते काम माझ्याकडे नाही.

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी मिसेस व्हाल्डा क्राउझे आल्या. वय ब्याऐंशी. त्यांच्या गळ्यातले पदक म्हणजे धोक्याच्या वेळी दाबायचे बटण आहे. ते फोनवर चालते, आणि त्या फोनची योजना ग्लेनिसने लावून दिलेली आहे. त्या माझ्यासमोर थांबल्या. वाकून त्यांनी माझ्या कोऱ्या कपाळाकडे पाहिले. दिवसभरात त्या कागदाकडे बघणाऱ्या त्या एकट्याच.

“इथं काहीतरी लिहिलेलं असायचं,” त्या म्हणाल्या. “पोरी, हे नक्की कोणासाठी असतं गं?”

मागे रांगेत अकरा माणसे होती. छतावर कॅमेरा होता. काउंटरच्या खाली, फक्त ग्लेनिसला दिसेल असा, नियमांचा कागद होता.

“कंपनीसाठी, मिसेस क्राउझे.”

“मग ठीक आहे.” त्यांनी लाल दाबले.

संध्याकाळी साडेपाचला मी आकडे पाठवले. लाल एकशे एकतीस. हिरवे दोन, ते कॅरव्हॅन घेऊन निघालेल्या एका जोडप्याचे होते, त्यांना सभेची कल्पना नव्हती. ग्लेनिसने अंडी मोजून फ्रिजमध्ये ठेवली, मला फडक्याने पुसले, सोमवार नसतानाही, आणि दिवे घालवले.

लाल दाबणे त्यानंतरही थांबले नाही. एकदा सवय लागली की लागली. हिरव्याची होती, तशीच.

पंचवीस फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी सव्वा वाजता मेलबर्नहून ट्रिस्टन आला. हा विभागीय व्यवस्थापक. चार तास गाडी चालवून आलेला, शर्टाची पाठ भिजलेली. तो वाईट माणूस नाही. त्याने आधी पाणी मागितले, मग खुर्ची. कागद मात्र त्याने उभ्यानेच वाचून दाखवला. दोन आठवड्यांचा आकडा एकोणीस. दुकानाचा फेरविचार आजपासून सुरू. निर्णय एकतीस मार्चला.

“हे लाल दरवाढीचं आहे,” ग्लेनिस म्हणाली.

“दरवाढीवरची मतं आम्ही वेगळी घेतो. ग्राहकांना इमेल गेले होते.”

“मग?”

त्याने पान उलटले. “कुराबिनमधून एकही उत्तर नाही. दुकानाच्या तक्रारवहीतही दरांबद्दल नोंद नाही. नव्या योजनांवर तुमच्या भागाची प्रतिक्रिया...” त्याने ओळ शोधली. “शून्य तक्रारी. आम्ही त्याला संमती मानतो.”

“मला कोणी तक्रार केलीच नाही. सगळे अंडी घेऊन आले.”

“तेच म्हणतोय मी.”

“आणि लाल कशाचं मग?”

“सेवेचं, ग्लेनिस. पेटी तेवढंच विचारते.”

“म्हणजे माझं.”

“दुकानाचं,” ट्रिस्टन म्हणाला. दुकानात दुसरे कोणी काम करत नाही, हे त्याला माहीत होते.

ग्लेनिसने त्याला चहा हवा का विचारले आणि ती आत गेली. किटली उकळत असताना तो माझ्याकडे आला. पाठीमागचे झाकण उघडून त्याने आकडे पाठवणारे माझे कार्ड काढले आणि पाकिटात टाकले. फेरविचार चालू असताना पेटी मोजणीत धरत नाहीत, असा नियम आहे. मला घेऊन जाण्याचे काम दुसऱ्या ठेकेदाराचे, तो त्याच्या वेळेने येईल. झाकण लागले. चहा आला. कार्डाबद्दल तो काही बोलला नाही. बहुधा त्याला ते सांगण्याइतके महत्त्वाचे वाटले नसावे. माझ्यात बॅटरी आहे. म्हणून मी मोजत राहिले. पाठवणे तेवढे थांबले.

दुसऱ्या दिवशी दारावर फेरविचाराची सूचना लागली. ती लावणेही नियमात बसते. डेस चार्जर घ्यायला आला होता. त्याने दारातच ती वाचली, तो आत आला आणि चार्जरचे विसरला.

“हे आमच्यामुळं?”

ग्लेनिसने छताकडे, कॅमेऱ्याकडे पाहिले आणि पहिल्यांदाच त्याच्यासमोर सगळे सांगितले: पेटी काय मोजते, सत्तर म्हणजे काय, कागदावर काय लिहिलेले होते.

डेसने टोपी काढून काउंटरवर ठेवली.

“गुरुवारी सकाळी सांगायचं होतंस.”

“परवानगी नाही.”

“परवानगीचं विचारत नाही मी, ग्लेन.”

“सांगितलं असतं, तर तुम्ही सगळ्यांनी माझ्यासाठी हिरवं दाबलं असतं. आणि ब्याऐंशी डॉलर गप भरले असते.” “मला वाटलं, एवढी माणसं आहेत, कोणीतरी तिकडं विचारेल, लाल का. एकानं जरी विचारलं असतं तरी पुरलं असतं.”

डेस म्हणाला, “लॅरी असता तर मला क्लबाच्या हिरवळीवर पालथा घातला असता.” लॅरी म्हणजे तिचा नवरा.

“त्यानंच पहिलं लाल दाबलं असतं,” ग्लेनिस म्हणाली. “तू चार्जर नेणार आहेस की नाही?”

डेसने कंपनीला फोन केला. बावन्न मिनिटे संगीत ऐकले आणि रेंज गेली. त्याने पत्र लिहिले. त्याच्या बायकोने त्यातले तीन शब्द खोडले. पत्राची पोच आली. तिच्यात लिहिले होते की पंचेचाळीस दिवसांत उत्तर मिळेल. पंचेचाळीस दिवस म्हणजे एकतीस मार्चनंतर. दरवाढीबद्दलचे इमेल शोधायला गाव बसले, तेव्हा अर्ध्यांचे स्पॅममध्ये सापडले आणि उत्तर देण्याची मुदत संपलेली होती. मग क्लबात दुसरी सभा झाली.

सहा मार्च, गुरुवार. दुकानाबाहेर अग्निशामक दलाने शेगडी मांडली. पावाच्या तुकड्यात सॉसेज आणि परतलेला कांदा. लोक सकाळपासून आले. काहींना मी पूर्वी कधीच पाहिले नव्हते. ते चाळीस किलोमीटरवरच्या शेतांवरून आले होते आणि त्यांच्यातल्या काहींकडे या कंपनीचा फोनही नव्हता. प्रत्येकाने गडद हिरवा चेहरा दाबला. कडबेवाला एकदाच दाबून बाजूला झाला आणि पुढच्याला म्हणाला, “हळू. एकदाच धरते ती.” त्याला हे कोणी सांगितले, मला माहीत नाही.

ग्लेनिस काउंटरमागे उभी होती. ती हसत नव्हती आणि रडतही नव्हती. ती प्रत्येकाला “या” म्हणत होती. माझा हिरवा दिवा दर वेळी लुकलुकत होता, कारण दिव्याला कार्ड लागत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला सगळे नीट चालले आहे असेच दिसले असते.

त्या दिवसाचे हिरवे एकशे अठ्ठ्याण्णव.

मित्रांनो, मी एक साधी पेटी आहे. मला शिकवण देता येत नाही. पण विमानतळापासून इथवर मी जे पाहिले त्यावरून एवढी विनंती करते. ज्या पेटीवरचा प्रश्न उन्हाने पुसला गेला आहे, तिला उत्तर देऊ नका. आधी कोणाला तरी विचारा, इथे काय लिहिलेले होते. कोणी तुम्हाला तसे विचारले, तर त्याला खरे काय ते सांगा. आणि आमच्यासारख्यांचा कागद फिका पडला तर तो वेळेवर बदला. तो फार महाग नसतो.

मिसेस क्राउझे आता रोज येतात. त्यांना काही घ्यायचे नसते. खुर्चीवर थोडा वेळ बसतात, ग्लेनिसशी उन्हाबद्दल बोलतात. सोमवारी त्यांनी येताना पिशवीतून एक कागद आणला; त्यावर जाड पेनाने माझा जुना प्रश्न लिहिलेला होता, ग्लेनिसला विचारून, शब्दशः. ग्लेनिस म्हणाली, “लावता येणार नाही, मिसेस क्राउझे.” त्या म्हणाल्या, “ठाऊक आहे गं पोरी. मी फक्त धरून उभी राहते.” आणि त्या तो कागद माझ्या डोक्यावर धरून उभ्या राहिल्या, शेवटचा ग्राहक जाईपर्यंत.

ठेकेदार अजून आलेला नाही. एकतीस मार्चला सतरा दिवस आहेत. मेलबर्नच्या नोंदीत माझा शेवटचा आकडा एकोणीस आहे.

आज चौदा मार्च, शुक्रवार. दुपारी चार वाजून बावन्न मिनिटांनी मिसेस क्राउझे यांनी जाताना गडद हिरवा चेहरा दाबला. माझ्यात साठलेल्या हिरव्यांची संख्या दोनशे सव्वीस झाली.